चहा दुसऱ्याने करायचा: बायकांनी बोलायला जमावं कसं

आमच्या शनिवारच्या जमण्याबद्दल आजवर सहा-सातजणींनी तरी विचारलं असेल. ‘तुमचं टिकलं कसं? आमचं तीन महिन्यांत गुंडाळलं.’ दर वेळी फोनवर तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं होते, त्यातली सुरुवातीची ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून द्यायचे तिथे. दोन टोकं जोडून दिली की आपण मधून बाजूला व्हायचं, ऐकत बसायचं नाही, ही तिथली शिस्त. ती पुढे कामाला आली.

आधी आमचं चुकलं कसं ते सांगते. आम्ही घरोघरी पाळीपाळीने जमायचो. पहिली बैठक ठाण्यात पाचपाखाडीला माझ्या घरी झाली, मी कांदेपोहे केले. दुसरीने साबुदाणे वडे केले. तिसरीने वडे, वर श्रीखंड, आणि पडदे धुतले होते हेही आम्हाला कळेल अशी सोय केली. पाचव्या पाळीला जिचा नंबर होता तिने सासूच्या आजारपणाचं कारण सांगितलं. त्याच संध्याकाळी सासूबाई मला तलावपाळीला ठणठणीत फिरताना भेटल्या. मी विचारपूस केली नाही. तिच्यावर आलेला ताण मला कळत होता. एका विषयावर धड अर्धा तास आम्ही कधी बोललोच नव्हतो, कारण जिचं घर ती स्वयंपाकघरातून ‘बोला ना, मी ऐकतेय’ म्हणायची.

तेवढ्यात माझी भाची पुण्याहून राहायला आली. स्त्री-अभ्यासाचं एम.ए. करत होती, बॅगेत झेरॉक्सचे गठ्ठे. माझं रडगाणं ऐकून म्हणाली, ‘आत्या, तुमच्यासारखंच शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कात होतं. फक्त त्या खाणावळीत जमायच्या.’

खाणावळीत जमा

त्या क्लबचं नाव हेटरोडॉक्सी. आपल्याकडे त्याला सरळ पाखंड म्हणता येईल. माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा असायचा. मेरी जेनी हाऊ नावाच्या बाईने १९१२ साली तो काढला. बाई युनिटेरियन पंथाच्या धर्मोपदेशक, म्हणजे पाखंडाला सुरुवातच चर्चमधून. क्लब न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला; तो तेव्हा स्वस्त भाड्याचा, लेखक-चित्रकारांचा भाग. सुरुवातीला साधारण २५ जणी होत्या, पुढे एकूण शंभराच्या वर बायका येऊन गेल्या, आणि हे सगळं १९४० च्या सुमारापर्यंत चाललं. सभासद व्हायची अट एकच: बाईची मतं सनातनी नसावीत. अमेरिकेत देशभर बायकांना मताचा हक्क १९२० ला मिळाला. म्हणजे पहिली आठ वर्षं या बायका त्याच्या आधीच्या होत्या.

सुरुवातीच्या वर्षांत त्यांचा अड्डा मॅकडूगल स्ट्रीटवर पॉली हॉलिडेच्या खाणावळीत असे, तळघरात. तिथला स्वयंपाकी हिप्पोलिट हॅवेल हा अराजकवादी. गिऱ्हाइकांना ‘बूर्ज्वा डुकरं’ म्हणून हाका मारायचा अशी त्याची ख्याती. असेना का. जेवण तो करत होता, बायका बसून बोलत होत्या. भाचीने हे सांगितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं की आमचं मंडळ पडद्यांनी आणि श्रीखंडाने मारलं.

तर जागा शोधताना मॉल आणि कॉफीची महागडी दुकानं सोडा. तिथे गाणी मोठ्याने लावतात, आणि एका कपाच्या किमतीला अर्ध्याजणी पुढच्या वेळी येत नाहीत. जुनं मराठी किंवा उडपी उपाहारगृह बघा, ज्याला माळा आहे. मालकाला दुपारी तीनच्या सुमारास भेटा, गर्दीत नको. त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: किती वेळ बसणार आणि कमीत कमी किती बिल होईल. आम्ही आधी एका हॉटेलात काहीच न ठरवता बसायला लागलो. तिसऱ्या वेळी मॅनेजरने शेजारच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकल्या आणि पोराला फरशी पुसायला सांगितलं. फिनाइलच्या वासात आम्ही पाच मिनिटं चिवटपणे बसून राहिलो, मग उठलो. चूक थोडी आमचीही होती, चार चहांवर दोन तास म्हणजे फारच झालं.

आताची जागा नौपाड्यात आहे, नाव सांगत नाही. माणशी एक खाणं आणि एक चहा घ्यायचाच असं ठरलंय. प्रत्येकीने आपापले पैसे रोख द्यायचे. ‘आज माझ्याकडून’ हे चालत नाही, वाढदिवसालाही नाही, कारण आज एकीने दिले की पुढच्या वेळी दुसरीला द्यावे लागतात आणि तिसरी येणं बंद करते. वेटरला मात्र वर्गणी काढून दर महिन्याला द्या. पाण्याचा जग भरलेला राहणं ही छोटी गोष्ट नाही.

दुसरा आणि चौथा शनिवार, तीन ते पाच

हेटरोडॉक्सीच्या बायका शनिवारी, एक आठवडा सोडून जमत. आमच्यात दोघी बँकेतल्या आहेत आणि बँकांना दुसरा-चौथा शनिवार सुट्टी, त्यामुळे आमचंही आपसूक तसंच बसलं. वेळ मात्र खूप ठोकून-ठाकून ठरवली. संध्याकाळी ठेवलं की सहापासून घड्याळाकडे डोळे लागतात, कुकर लावायचा असतो. सकाळी ठेवलं की चेंदणी कोळीवाड्यातल्या दोघी येऊ शकत नाहीत, तेव्हा त्यांचा बाजार असतो. तीन ते पाच या वेळात ऐरोलीची ट्रान्स-हार्बरने येते, कळव्याची रिक्षाने येते, आणि घोडबंदर रोडची उशिरा येते. तिच्यासाठी थांबू नका. साडेतीनला आली तर साडेतीनपासून ऐकेल.

त्यांचा क्लब उन्हाळ्यात बंद असे. आमचा मे महिन्यात आणि गणपतीच्या दिवसांत बंद. सुट्टी आधीच जाहीर केलेली बरी, नाहीतर दोन वेळा तिघीचौघीच येतात आणि सगळ्यांना वाटायला लागतं की संपलं.

घरी काय सांगून निघायचं, हा प्रश्न नवीन बायका हमखास विचारतात. ‘भाजी आणायला’ सांगू नका, परत जाताना खरंच भाजी न्यावी लागते. ‘शनिवारी माझी मीटिंग असते’ एवढं पुरतं. पहिले दोन महिने चिडवतील, मग शनिवार तुमचा म्हणून धरून चालतील. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हा तिथे जायचं म्हणून रमाबाई रानड्यांना घरातल्या मोठ्या बायकांचं काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. न्यायमूर्तींच्या घरात ही स्थिती. आपल्याला कुणी चिडवलं तर त्यात नवल नाही.

एकाच सोसायटीतल्या बायका नकोत

हे मी ठासून सांगते. एकाच सोसायटीतल्या असल्या की बोलणं पाण्याच्या टाकीवर आणि सेक्रेटरीवर जातं, शिवाय कुणी काही मनातलं बोलली तर ते लिफ्टमध्ये भेटतं. आम्ही नियम केला: एका इमारतीतल्या दोघींपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येक नवी बाई कुणाच्या तरी ओळखीची पण नात्यातली नको. नणंद-भावजय एकत्र तर अजिबातच नको.

हेटरोडॉक्सीत बायका फार वेगवेगळ्या होत्या. एलिझाबेथ गर्ली फ्लिन गिरणी कामगारांचे संप चालवणारी. रोझ पास्टर स्टोक्स सिगार कारखान्यातली मजूर, पुढे लक्षाधीशाशी लग्न केलेली. क्रिस्टल ईस्टमन वकील, लेटा हॉलिंगवर्थ मानसशास्त्रज्ञ, सुझन ग्लॅस्पेल नाटककार. पक्षही सगळे. पण कृष्णवर्णीय बाई एकच, ग्रेस नेल जॉन्सन. सगळ्या रूढींविरुद्ध उभ्या राहिलेल्या शंभर बायकांत एक. हे वाचून मी आमच्या तेव्हाच्या नऊजणींची आडनावं मनात म्हणून पाहिली आणि गप्प झाले.

त्यांच्याही साठ वर्षं आधी, १८५२ च्या संक्रांतीला, सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात महिला सेवा मंडळातर्फे तिळगूळ समारंभ केला होता. बायका कुठल्याही जातीच्या असोत, एकाच जाजमावर बसवू, असं निमंत्रणातच होतं. आमंत्रणात लिहायचं, आयत्या वेळी ‘बघू’ म्हणायचं नाही, हे मला त्यातून कळलं. आम्ही पुढची पाच नावं जुन्या नावांसारखी नसतील असं ठरवूनच बोलावली. कोळीवाड्यातल्या दोघी, वागळे इस्टेटच्या कारखान्यात पॅकिंग करणारी एक, कोपरीची नर्स, आणि पोळी-भाजी केंद्र चालवणारी. चौदा झालो. माळ्यावर चौदाच मावतात.

पहिल्यांदा काय बोलायचं

‘स्त्री आणि समाज’ असला विषय ठेवला तर भाषणं होतात आणि नवी बाई तोंड उघडत नाही. हेटरोडॉक्सीत सभासद आपल्या बालपणाची, वाढण्याची हकिगत सगळ्यांपुढे सांगत असे. आम्ही तेच उचललं. दर वेळी एकीची गोष्ट. नाव दिलं नाही, ‘आज कुणाची?’ एवढंच विचारतो.

नुसतं ‘आपल्याबद्दल सांगा’ म्हटलं की बायका नवऱ्याची बदली, मुलांची टक्केवारी आणि दुखण्यांपासून सुरू करतात. म्हणून एक छोटा प्रश्न द्या. आम्ही हे वापरले: तुमच्या माहेरी शेवटचं ताट कोण घ्यायचं? पहिला स्वतःचा पगार कुणाच्या हातात दिलात? घराचं वीजबिल कुणाच्या नावावर येतं? हा तिसरा साधा वाटतो. पुढच्या वेळी बिलं घेऊन या म्हटलं तर नऊपैकी एकीचंच तिच्या नावावर निघालं, आणि तीही विधवा झाल्यावर बदललेलं. त्या दिवशी चहा दोनदा मागवावा लागला.

बोलताना मध्ये कुणी बोलायचं नाही. दहा मिनिटांचा गजर फोनवर लावा. सल्ला देणं बंद, ही अट सगळ्यात अवघड जाते, विशेषतः निवृत्त शिक्षिकांना. आणि काकू, वहिनी, मॅडम ही संबोधनं जिन्याखाली ठेवून यायची. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाई ७१ वर्षांच्या आहेत. त्यांना सगळ्या काकूच म्हणायच्या. नियम झाल्यावर त्यांनी जे नाव सांगितलं ते कुणाला माहीत नव्हतं, माहेरचं होतं. ते मी इथे लिहीत नाही, का ते पुढे.

विषय आयते आहेत

गोष्टी दोन फेऱ्या झाल्या की विषय हवे होतात. हेटरोडॉक्सीच्या बायकांनी १७ आणि २० फेब्रुवारी १९१४ ला न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या शिक्षणसंस्थेत दोन जाहीर सभा भरवल्या. पहिलीत वक्त्यांना दहा-दहा मिनिटं होती. दुसरीतले विषय मी वहीत उतरवून घेतले, कारण ते वर्षभर पुरतात: कामाचा हक्क, आईला आपला व्यवसाय चालू ठेवण्याचा हक्क, आपलं नाव राखण्याचा हक्क, संघटना करण्याचा हक्क, फॅशनकडे दुर्लक्ष करण्याचा हक्क.

नावावर फोला ला फॉलेट बोलली. ती नटी, लग्नानंतरही तिने आडनाव बदललं नव्हतं. हा विषय आमच्याकडे तीन शनिवार पुरला, कारण आपल्याकडे ताटातल्या तांदळावर अंगठीने मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. तिकडे आडनावावरच थांबतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लागतं, त्यावर आमच्यातली एक म्हणाली की कोणतं लावायचं, माहेरचं की सासरचं?

त्याच सभेत क्लबातलीच लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन घरकामाचा धंदा करण्याबद्दल बोलली. तिचं म्हणणं असं की प्रत्येक घरात एकेका बाईने वेगळी चूल पेटवण्यात अर्थ नाही. स्वयंपाक हे शिकलेल्या, पगारी लोकांचं काम असावं. आमची पोळी-भाजी केंद्रवाली हे ऐकून इतकी हसली की ठसका लागला. ‘मी १८ वर्षं हेच करतेय, मला कुणी सभेला बोलावलं नाही!’ मग तिनेच सांगितलं की डबे न्यायला पुरुष येतात पण ‘आज बायकोला बरं नाही’ असं न विचारता सांगतात. रोजचं गिऱ्हाईकसुद्धा.

लेटा हॉलिंगवर्थचा १९१४ चा प्रबंधही एका शनिवारी ठेवा. मासिक पाळीच्या दिवसांत बाईची बुद्धी आणि हाताची सफाई मंदावते, असं तेव्हाचे डॉक्टर बिनदिक्कत लिहीत. हिने रोजच्या रोज चाचण्या घेऊन तपासलं. तसं काही निघालं नाही. ‘कावळा शिवला’ म्हणून चार दिवस बाजूला बसलेल्या आमच्यात सहाजणी. त्यातल्या दोघी म्हणाल्या, तेवढीच विश्रांती मिळायची. यावर नर्सबाईंशी जुंपली ती पाचच्या पुढेही चालली.

आणि एक खेळ जरूर करा. मेरी हाऊने १९१३ च्या सुमारास मताधिकाराच्या विरोधकांची नक्कल करणारं भाषण लिहिलं. त्यात ती विरोधातली कारणं जोडीजोडीने देते, एक पटलं नाही तर त्याच्या बरोब्बर उलटं घ्या म्हणते: मताचा हक्क दिला तर बायका वापरणारच नाहीत, आणि वापरला तर अतिच वापरतील. आम्ही याला उलटं भाषण म्हणतो. प्रत्येकीने आपल्या नात्यातल्या एका माणसाच्या आवाजात बोलायचं. आमच्यातलं गाजलेलं: ‘सुनेने नोकरी करू नये, घर उघडं पडतं. आणि न करून कसं चालेल, घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता काय मी भरू?’ चिडून मांडलेला मुद्दा जिथे पोचत नाही तिथे ही नक्कल पोचते. फक्त हसू वरच्या माळ्यावरून खाली जातं, मालकाला आधी कल्पना द्या.

लिहून ठेवू नका

मंडळ म्हटलं की आपल्याला अध्यक्ष, चिटणीस, इतिवृत्ताची वही, आणि मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे हे आठवतं. हे काही करू नका. हेटरोडॉक्सीने इतिवृत्त ठेवलंच नाही. तिथे काय बोललं जाई ते बाहेर जात नसे, म्हणून तर बायका बोलत. इतिहास लिहिणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली, पण ती त्यांची.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्याने एकदा घात केला. एकीने बैठकीतलं काही ‘छान बोललीस गं’ म्हणून दोन ओळींत लिहिलं, दुसरीच्या फोनवर ते तिच्या जावेने वाचलं, आणि जिचं होतं तिला घरी तीन दिवस उत्तरं द्यावी लागली. ती परत यायला चार महिने गेले. तेव्हापासून ग्रुपवर तारीख, वेळ आणि ‘येते / येत नाही’ एवढंच. हा लेखसुद्धा सगळ्यांना वाचून दाखवलाय; दोन प्रसंग कापले, त्यातला एक फार मजेदार होता.

भांडणाचं काय? होणारच. पहिल्या महायुद्धात हेटरोडॉक्सीत युद्धाच्या बाजूच्या आणि विरोधातल्या, दोन्ही होत्या. रोझ पास्टर स्टोक्सला युद्धविरोधी बोलण्यावरून १९१८ ला दहा वर्षांची शिक्षा झाली, जी पुढे रद्द झाली. गिलमनबाई कंटाळून बाहेर पडल्या. शांततावाद आणि लैंगिक मानसशास्त्र यांवरचीच चर्चा फार होते, अशी त्यांची तक्रार. आमच्याकडे निवडणुकीच्या वेळी दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मी घाबरून राजकारणावर बंदी घातली. ती चूक. पुढचे तीन महिने आम्ही उकडीच्या मोदकांच्या पारीवर बोललो. बंदी उठवली, त्यातली एक परत आली, एक नाही आली. मी अजून तिला फोन करते.

वर्षाअखेरी एक अल्बम

लिहायचं नाही म्हटलं, तरी एक अपवाद आम्ही त्यांच्याकडूनच घेतला. १९२० साली हेटरोडॉक्सीच्या बायकांनी मेरी हाऊला एक अल्बम भेट दिला, प्रत्येकीचा फोटो आणि चार ओळी. त्या क्लबचं जे थोडं हाती लागतं त्यात तो आहे.

आम्ही डिसेंबरात ठरवलं: प्रत्येकीने आपला एकटीचा एक फोटो आणायचा. महिनाभर शोधाशोध. लग्नाच्या अल्बममध्ये शेजारी नवरा, बारशाच्या फोटोत मांडीवर मूल, सहलीच्या फोटोत अर्धा चेहरा, कारण पिशव्या सांभाळायला हीच उभी. माझ्याकडे एकटीचा म्हणून खात्याच्या ओळखपत्रावरचा निघाला, त्यावर अर्धा शिक्का. पाचजणींनी शेवटी राम मारुती रोडवरच्या स्टुडिओत जाऊन नवे काढले. ७१ वर्षांच्या आमच्या मैत्रिणीने फोटोग्राफरला बजावलं, पासपोर्टसारखा नको, गुडघ्यापर्यंत घे, नवी चप्पल दिसली पाहिजे.

अल्बम साधा घ्या, काळ्या कागदाचा. चिकटवायला फोटोकॉर्नर वापरा, फेव्हिकॉलने कागद सुरकुततो. ठेवायचा कुणाच्याही घरी नाही. आमचा उपाहारगृहाच्या गल्ल्याखालच्या कपाटात असतो, मालकाने स्वतःहून जागा दिली.

आमच्यात यायचं असेल तर जागा नाही, हे आधीच सांगते. पण मालक परवाच म्हणत होते, मंगळवारी दुपारी माळा रिकामाच पडलेला असतो.